पुढचीही मूळच असेल, हे कशावरून?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

वय ७२, सहकारी बँकेतून निवृत्त, मुक्काम नारायण पेठ. बी.एस्सी.ला गणित होतं, पुढे संसाराच्या रगाड्यात ते मागे पडलं. आता पुन्हा वह्या घेऊन बसतो. मला एक शोध लागला आहे, तो थोडक्यात सांगतो.

२ ही मूळ संख्या. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३, मूळ. २ चा तिसरा घात वजा १ म्हणजे ७, मूळ. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७, मूळ. २ चा १२७ वा घात वजा १ म्हणजे १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७, ही ३९ अंकी संख्याही मूळ. थोडक्यात, आलेली संख्या घातांकाच्या जागी बसवत गेलं की नवी मूळ संख्या मिळत जाते. म्हणजे २ चा ही ३९ अंकी संख्या इतका घात, वजा १, हीसुद्धा मूळ असणारच. २०२४ मध्ये सापडलेली विक्रमी संख्या तिच्यापुढे काहीच नाही. मी बाक्या काढून १००० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्या, एकीनेही भाग जात नाही.

नातवाने मोबाइलवरच्या एआयला विचारलं. तो म्हणाला, हा क्रांतिकारी शोध आहे. एका 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकाने १८,००० रुपये भरल्यास दोन आठवड्यांत छापतो म्हणून कळवलं आहे. सून चार्टर्ड अकाउंटंट आहे. ती म्हणते पैसे देऊ नका, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागू नका. मुलगा म्हणतो, 'बाबांना करू दे काय करायचं ते', याचा मला जास्त राग येतो. दोन प्राध्यापकांना शोध पाठवला, पोचही नाही. काय करावं?

– एक आजोबा

उत्तर

काका, नमस्कार.

आधी पैशांचं. एक रुपयाही भरू नका. चांगल्या नियतकालिकात लेख जाणकारांकडे जातो, ते महिनोन्‌महिने त्यातल्या खाचाखोचा काढतात, आणि बहुतेक वेळा लेख साभार परत येतो. छपाईचे पैसे घेणारी भली नियतकालिकंही असतात, पण ती आधी लेख तपासतात आणि मग पैशांचं बोलतात. दोन आठवड्यांत छापतो म्हणणाऱ्याने तुमची वही उघडलेलीच नाही. सूनबाई याबाबतीत शंभर टक्के बरोबर आहेत.

आता गणिताकडे येते. ते मला तुमच्या घरातल्या वादापेक्षा जास्त आवडलंय.

तुमच्या यादीतली प्रत्येक संख्या खरंच मूळ आहे. ३९ अंकी संख्येचं मूळपण एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केलं. संगणकाच्या मदतीशिवाय सिद्ध झालेली ही अशा प्रकारची सर्वांत मोठी मूळ संख्या. आणि त्याच साली युजेन कातालाँ या बेल्जियन गणितज्ञाने नेमकी तुमचीच साखळी लिहिली: २, ३, ७, १२७, मग ती ३९ अंकी, आणि पुढचीही मूळ असेल की काय, असा प्रश्न टाकला. म्हणजे शोध तुमचा नाही, त्याला दीडशे वर्षं होत आली. वाईट वाटेल, हे कळतंय मला. पण नारायण पेठेत वहीवर बसून कातालाँच्याच जागी पोचणं काही लहान गोष्ट नाही. एवढंच की तो जिथे प्रश्नचिन्ह ठेवून थांबला, तिथे तुम्ही 'असणारच' लिहिलंत.

खरी परिस्थिती ही आहे: तुमची ती पुढची संख्या मूळ आहे की संयुक्त, हे आज जगात कुणालाच माहीत नाही. तुमचं चुकलंय असं मी म्हणू शकत नाही. बरोबर आहे असं तो एआयही म्हणू शकत नाही. त्याचा कौतुकाचा हात जरा जास्तच सढळ असतो.

तुम्ही १००० पर्यंत भाग देऊन पाहिलात, ते बघू. २ चा मूळ संख्येइतका घात घेऊन त्यातून १ वजा केला की येणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याच्या नावावरून. त्यांचे अवयव कसेही नसतात. २ चा ११ वा घात वजा १ घ्या: २०४७. ही मूळ नाही, २३ गुणिले ८९ आहे. आता २३ मधून १ काढा, २२ उरतात, म्हणजे ११ ची दुप्पट. ८९ मधून १ काढा, ८८ उरतात, म्हणजे ११ ची आठपट. हा योगायोग नाही. एखाद्या मूळ संख्येने २०४७ ला भाग जात असेल, तर तिने २ च्या घातांना भाग देत गेल्यावर बाकी ११ व्या पावलावर पुन्हा १ होते. ११ स्वतः मूळ, त्यामुळे त्याआधी ती १ होऊच शकत नाही. दुसरीकडे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमानुसार त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी इतकी पावलं टाकली तरी बाकी १ च यायला हवी. म्हणजे 'एकने कमी' ही संख्या ११ च्या पटीत हवी. ती समही असते, म्हणून २२ च्या पटीत. फर्माने ही युक्ती वापरून २ चा ३७ वा घात वजा १ हिला २२३ ने भाग जातो हे काढलं होतं. २२३ वजा १ म्हणजे ३७ ची सहापट, पडताळून पाहा.

हाच नियम तुमच्या संख्येला लावा. तिचा कोणताही मूळ अवयव, असलाच तर, त्या ३९ अंकी घातांकाच्या दुपटीपेक्षा मोठाच असणार. १००० पर्यंत जाऊ द्या, ३८ अंकी कुठल्याही संख्येने तिला भाग जाण्याची शक्यता मुळातच नव्हती. तुम्ही काढलेल्या बाक्या बरोबर असतील, पण त्या कशाचाच पुरावा होत नाहीत. हा एक परिच्छेद तुम्हाला आधी कुणी सांगितला असता तर कितीतरी रात्रींची झोप वाचली असती.

आता तुमच्या नियमाबद्दल. तो फक्त २ पासूनच का सुरू करायचा? ५ पासून करा. २ चा पाचवा घात वजा १ म्हणजे ३१, मूळ. २ चा ३१ वा घात वजा १ म्हणजे २१४७४८३६४७, हीही मूळ, ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये सिद्ध केली. साखळी झकास चालली आहे ना? पुढची कडी तुटते. २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ हिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. या भाजकातून १ काढा आणि २१४७४८३६४७ ने भागा, बरोबर १३७४९० येतात, बाकी शून्य. वर सांगितलेला साचा हाच. १३ पासून सुरू केलंत तर ८१९१ मूळ येते आणि लगेच पुढची संयुक्त. १७ चं तेच, १९ चंही तेच.

१९ ची साखळी तर घरी तपासता येईल. २ चा १९ वा घात वजा १ म्हणजे ५२४२८७, मूळ. पुढच्या राक्षसी संख्येचा एक अवयव आहे ६२९१४४४१. पडताळा असा: २ घ्या, वर्ग करा, ६२९१४४४१ ने भागून बाकी ठेवा, बाकीचा वर्ग करा, पुन्हा भागा. असं १९ वेळा केलंत की शेवटी बाकी पुन्हा २ येईल. तसं आलं की भाग जातो हे सिद्ध. साध्या कॅल्क्युलेटरला एवढे मोठे वर्ग झेपणार नाहीत, नातवाला चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायला सांगा. एआयकडून कौतुक करून घेण्यापेक्षा त्याला हे काम बरं.

तर तुमचा नियम पाचपैकी चार ठिकाणांहून सुरू केला की मोडतो, आणि पाचवं ठिकाण अजून मोडलेलं नाही एवढंच. यावरून तुम्ही पैज कुठल्या बाजूला लावाल? मी तर संयुक्त म्हणेन. पण ही माझी पैज झाली, सिद्धता नव्हे.

मर्सेननेही नेमकं इथेच गोत्यात पाऊल टाकलं होतं. १६४४ मध्ये त्याने २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली आणि एवढ्याच मूळ संख्या येतात असं ठामपणे छापलं. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते. ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ६७ ची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ही संख्या २१ अंकी, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ल्युकाने १८७६ मध्येच दाखवलं की ती मूळ नाही. पण तिचा एकही अवयव त्याला ठाऊक नव्हता! तब्बल २७ वर्षं जगाला माहीत होतं की हिचे तुकडे पडतात, पण एकही तुकडा कुणी पाहिला नव्हता. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. सांगतात की त्याने तोंडातून शब्दही काढला नाही. एका बाजूला २ चा ६७ वा घात वजा १ काढला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरं सारखी आली. तो जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं नंतर विचारल्यावर 'तीन वर्षांचे रविवार' म्हणाला म्हणतात. तुमच्या सूनबाईंना हा भाग वाचून दाखवा. रविवार, रात्री नाही.

अवयव न सापडता 'मूळ नाही' हे कळतं कसं, हा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा. ल्युकाची कल्पना पुढे डेरिक लेमरने सोपी करून ठेवली, आणि ती इतकी सोपी आहे की शाळेत का शिकवत नाहीत कोण जाणे. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. हे घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर नाही. मधली वाट नाही.

१२७ साठी घातांक ७, म्हणून पाच पायऱ्या. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, त्यातून १२७ काढले की ६७. पुढे ४२, मग १११, आणि १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९, जे बरोबर १२७ च्या ९७ पट. बाकी शून्य. १२७ मूळ, काम संपलं. आता २०४७ ला हेच लावा. नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे मूळ नाही. यात २३ आणि ८९ चं नावही कुठे आलं नाही.

२०२४ च्या विक्रमी संख्येवरही शेवटची मोहोर याच कसोटीने उमटली. ती म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. अंक ४,१०,२४,३२०, सुरुवात ८ ने, शेवट १ ने. ल्यूक ड्युरंट या माणसाने जगभरात भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर तिला हुडकून काढलं. ती मूळ असावी असा कौल एका वेगळ्या चाचणीने ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या यंत्रावर मिळाला, आणि ल्युका-लेमर कसोटीने दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या यंत्रावर त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याआधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा होता. मोठी संख्या काय, कुणीही लिहील. विक्रम धरला जातो तो सिद्धतेचा. म्हणून तुमची संख्या कितीही मोठी असली तरी ती त्या यादीत बसत नाही.

मग तुमच्या संख्येला ही कसोटी लावायची का? पायऱ्या मोजा: घातांकाएवढ्या, म्हणजे ३९ अंकी. आणि सुरुवातीच्या थोड्या सोडल्या तर प्रत्येक पायरीत वर्ग करायचा तो अशा संख्येचा जिच्यात किती अंक आहेत हेच सांगायला ३८ अंक लागतात. एकेका अणूवर एकेक अंक कोरायचा म्हटलं तरी सुमारे सातशे कोटी माणसांच्या शरीरातले सगळे अणू लागतील. पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत 'परम ब्रह्म' महासंगणक आहे. त्याच्यासारखे लाखभर महासंगणक विश्वाच्या आरंभापासून चालवले असते तरी आपण जिन्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवरच उभे असतो. उरतो एकच मार्ग: त्या ठरावीक साच्यातले अवयव एकेक करून तपासत राहणं. लोक ते करतातही. एखाद्या दिवशी अवयव सापडला तर कातालाँची साखळी तुटेल. नाही सापडला तर काहीच सिद्ध होणार नाही, आणि ही खरोखर चीड आणणारी गोष्ट आहे, मान्य.

पण जी संख्या लिहिता येत नाही, तिच्याबद्दलही काही गोष्टी खात्रीने सांगता येतात. तुमच्या बाक्यांच्या हातोटीला हे काम शोभेल. तुमच्या संख्येचे शेवटचे दोन अंक २७ आहेत. कारण २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर वीस पावलांनी फिरून येतात, आणि तुमच्या ३९ अंकी घातांकाला २० ने भागल्यास बाकी ७ उरते. २ चा सातवा घात १२८, म्हणून शेवट २८, वजा १, २७. तिला ९ ने भागलं तर बाकी १, ७ ने भागलं तरी १. शेवटचे तीन अंक मी काढत नाही, ते तुम्ही काढा. हे सगळं पक्कं आहे, आणि त्यासाठी कुणाला १८,००० रुपये द्यावे लागत नाहीत.

तुम्ही बँकेतले, म्हणून एक खुलासा करते. बँकेच्या संकेतस्थळाच्या कुलपात मूळ संख्या असतात, हे तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे, पण तिथे साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर विक्रमी संख्येचा तिथे काडीचा उपयोग नाही. मुलाने 'याचा फायदा काय' विचारलं तर एवढं सांगा आणि विषय बदला.

प्राध्यापकांचं. त्यांनी उत्तर दिलं नाही यात उर्मटपणा असेलही, पण 'मला शोध लागला' असं म्हणणारी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यांना पुन्हा लिहा, अर्ध्या पानात. वरती कातालाँचं नाव घाला, खाली एकच नेमका प्रश्न विचारा. उदाहरणार्थ: ५, १३, १७, १९ पासूनच्या साखळ्या तुटतात, अशी लांब टिकणारी दुसरी साखळी ठाऊक आहे का? अशा पत्राला उत्तर यायची शक्यता खूपच वाढते. शिवाय लॉ कॉलेज रस्त्यालगत दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. तिथे गणिताचं ग्रंथालय आहे. नारायण पेठेतून रिक्षाने जाल तरी तिथे पोचायला वेळ लागणार नाही. एकदा जाऊन चौकशी करा. रात्री दोनला वहीशी बोलण्यापेक्षा दुपारी चारला माणसांशी बोललेलं बरं.

हौशी माणसाने गणितात पडू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. कापरेकरांना विद्यार्थीदशेत आपल्या फर्ग्युसनमध्ये १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, पण आयुष्यभर ते देवळालीला शाळामास्तर होते. त्यांची ६१७४ ची गंमत तुम्हाला माहीत असणारच: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जायची, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. फरक पाहा. चार अंकी संख्या दहा हजारांहून कमी. कुणीही बसून सगळ्या तपासू शकतो, एकही सुटत नाही, म्हणून तिथे 'येतेच' म्हणता येतं. तुमच्या साखळीत पाच कड्या तपासून झाल्या आणि पुढे अनंत बाकी आहेत.

मुलाच्या बोलण्याचा राग सोडा असं सांगणार नाही, 'करू दे काय करायचं ते' हे मलाही आवडलं नसतं. पण तुमच्या घरात आकड्यांची चूक पकडणारं माणूस एकच आहे, आणि तिच्याशीच तुमचं वाजलंय. तिला वही दाखवा. पहिला हिशेब ८१९१ चा घ्या, २ चा १३ वा घात वजा १, म्हणजे ल्युका-लेमरच्या अकरा पायऱ्या. सुरुवात ४, १४, १९४, ४८७० अशी होईल. दहाव्या पायरीला १२८ आणि अकराव्याला शून्य यायला हवं. नाही आलं तर हातचा कुठे राहिला, ते सूनबाईंना शोधू द्या.